ट्यूब अ‍ॅम्पचा टोचरा ट्रेबल कसा कमी करायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडच्या गिटारवाल्यांचे प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात: ट्यूब (काचेच्या व्हॉल्व्हचा) अ‍ॅम्प घेतला, आवाज भरदार आहे, पण वरचे सूर (ट्रेबल) कानात टाचणीसारखे टोचतात. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आधी अ‍ॅम्प न उघडता करायच्या गोष्टी, मग डाखकाम (सोल्डरिंग), शेवटी अवघड प्रकरणं. या अ‍ॅम्पमध्ये ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतो आणि तो वायर काढल्यावरही आत राहतो. त्यामुळे प्रश्न ५ वाचल्याशिवाय मागची फळी उघडू नका.

१. ट्रेबलचा नॉब शून्यावर आणला तरी आवाज टोचतोच. असं कसं?

कारण टोचणं सगळं त्या एका नॉबच्या हातात नसतं. माणसाचा कान साधारण २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत संवेदनशील असतो आणि बहुतेक गिटार स्पीकरचा उंचवटाही तिथेच येतो. ट्रेबलचा नॉब टोन स्टॅकमधला (बास, मिडल, ट्रेबलच्या सर्किटमधला) वाटा कमी करतो. व्हॉल्यूमवरचा ब्राइट कपॅसिटर (प्रश्न ७), प्रेझेन्स (प्रश्न १२) आणि खुद्द स्पीकर त्याच्या ताब्यात नाहीत.

म्हणून आधी कान लावून प्रकार ओळखा. क्लीन आवाज कमी व्हॉल्यूमवर टोचत असेल आणि वाढवल्यावर सुधारत असेल, तर प्रश्न ७. डिस्टॉर्शनवर माशी घोंगावल्यासारखी सर्र येत असेल, तर ८ आणि ९. सूर विरत जाताना खरखरत असेल, तर १६. ट्रेबल एका ठरावीक जागेवर आणल्यावरच विचित्र आवाज येत असेल, तर तो ट्रेबलचा दोष नाही, १७ पाहा. प्रकार न ओळखता पाच भाग बदलले, तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

२. अ‍ॅम्प न उघडता आधी काय करून पाहू?

अ‍ॅम्प जमिनीवरून उचला. ३ किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साधारण ११ सेंटीमीटर असते, म्हणजे १२ इंची कोनपेक्षा बरीच लहान. त्यामुळे वरचे सूर चहूकडे पसरत नाहीत, टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर जातात. अ‍ॅम्प पायाशी असेल तर झोत तुमच्या गुडघ्याला लागतो. तुम्हाला आवाज मंद वाटतो, तुम्ही ट्रेबल वाढवता आणि समोरच्या रांगेतला माणूस कानावर हात ठेवतो. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलवा, कान स्पीकरच्या मध्यरेषेत आणा आणि मग नॉब लावा. बरेच जण इथेच थांबतात आणि ते बरोबरच आहे.

त्यानंतर प्रेझेन्स शून्यावर, ब्राइट खटका बंद, मिडल थोडा वर. मिडल वाढवल्यावर ट्रेबल न बदलताही आवाज कमी टोकदार लागतो, कारण कान प्रमाण ऐकतो. गिटारचा टोन नॉब १० वरून ७ वर आणा. तो त्यासाठीच दिलेला आहे. तारा कालच बदलल्या असतील तर दोन दिवस वाजवून मग निर्णय घ्या.

खोलीही बघा. पत्र्याची शेड किंवा फरशी आणि उघड्या भिंतींचं मंगल कार्यालय वरचे सूर परत फेकतं. तिथे अ‍ॅम्पमागे आणि समोर जाड सतरंजी टांगून फरक ऐका.

३. लांब केबलने ट्रेबल कमी होतो हे खरं का?

खरं आहे. साध्या केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पीएफ (पिकोफॅरड) असते. ३ मीटरऐवजी ६ मीटरची केबल लावली की पिकअपवर सुमारे ३०० पीएफचं ओझं वाढतं आणि पिकअपचा उंचवटा खाली सरकतो. हे फक्त पॅसिव्ह पिकअपला लागू. गिटारमध्ये बॅटरी असेल किंवा केबलच्या आधी बफर असलेला पेडल असेल, तर केबलच्या लांबीने काही होत नाही.

उलटंही तपासा: गिटारच्या व्हॉल्यूम पॉटवर (नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरवर) ट्रेबल ब्लीडचा कपॅसिटर असेल, तर व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज पातळ आणि टोचरा होतो. तो दोष गिटारचा आहे, अ‍ॅम्पचा नाही.

४. स्पीकरपुढे फोम लावायचा म्हणतात. कसा?

गादीवाल्याकडून पाऊण इंच जाडीचा साधा, हवा आरपार जाणारा फोम घ्या. १२ इंची स्पीकरसाठी १२ इंच व्यासाची चकती कापा आणि मधोमध ३ इंचाचं भोक पाडा. ही कडी स्पीकर आणि जाळीच्या कापडामध्ये, कोनला न टेकता बसवा. मधला झोत भोकातून जातो पण अरुंद राहत नाही, कडेने येणारे वरचे सूर फोममध्ये विरतात. बासवर परिणाम जवळजवळ नाही. नुसता मधोमध गोल तुकडा चिकटवू नका, त्याने आवाज पोकळ होतो. पन्नासेक रुपयांत होणारं आणि पूर्ण मागे घेता येणारं हे काम प्रश्न ७ च्याही आधी करून पाहावं असं आमचं मत आहे.

५. उघडायचाच आहे. शॉक बसू नये म्हणून नेमकं काय करायचं?

हा क्रम मोडू नका.

१. स्टँडबायचा खटका वाजवायच्या स्थितीत ठेवून अ‍ॅम्प बंद करा. काही अ‍ॅम्पमध्ये स्टँडबाय बंद असताना काही फिल्टर कपॅसिटर (डीसी साठवणारे मोठे कपॅसिटर) बाकी सर्किटपासून तुटलेले राहतात आणि रिकामे होत नाहीत.

२. वायर भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. ट्यूब गार होऊ द्या.

३. १० के (१० हजार ओहम), १० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या. दोन्ही टोकांना प्लॅस्टिक आवरणाच्या क्रोकोडाइल क्लिप जोडा. आधी एक टोक चेसिसला (धातूच्या सांगाड्याला), मग एकाच हाताने दुसरं टोक पहिल्या फिल्टर कपॅसिटरच्या धन टोकाला. दुसरा हात खिशात. एकूण १०० मायक्रोफॅरड असतील तर १० के मधून ५ ते ६ सेकंदांत बहुतेक सगळा भार उतरतो. तुम्ही अर्धा मिनिट थांबा.

४. मल्टीमीटर १००० व्होल्ट डीसीवर ठेवून प्रत्येक फिल्टर कपॅसिटर मोजा. ५ व्होल्टच्या खाली आल्याशिवाय हात घालू नका. काम चालू असेपर्यंत रेझिस्टरची क्लिप तशीच राहू द्या, कारण रिकामा झालेला कपॅसिटर आपोआप थोडा पुन्हा भरतो. चालू करण्याआधी ती काढायला विसरू नका.

स्क्रूड्रायव्हरने कपॅसिटर शॉर्ट करण्याची जुनी सवय सोडा. त्याने कपॅसिटर, पट्टी आणि कधी डोळाही जातो.

काम झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरा: अ‍ॅम्पच्या फेजमध्ये १०० वॉटचा तारेचा बल्ब. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, पूर्ण उजेडात पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

टू-पिन अ‍ॅडॉप्टर लावून अर्थिंग तोडू नका. घरातली अर्थिंग खरी आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

६. कोणते भाग लागतील आणि कोल्हापुरात मिळतील का?

साधे रेझिस्टर, सोल्डर, फ्लक्स, वायर शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात. अडतं ते व्होल्टेजवर. दुकानात सहज हाती येणारा सिरॅमिक कपॅसिटर अनेकदा ५० व्होल्टचा असतो आणि तो इथे चालत नाही. १ किलोव्होल्टचा सिरॅमिक किंवा ५०० व्होल्टचा सिल्व्हर मायका मागा. काउंटरवर कंडेन्सर म्हटलं की पटकन कळतं. न मिळाल्यास पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड.

अंगावरचे आकडे असे वाचा: १०१ म्हणजे १०० पीएफ, २२१ म्हणजे २२०, ४७१ म्हणजे ४७०, १०२ म्हणजे १००० पीएफ, ४७२ म्हणजे ४७००. शेवटचा आकडा पुढे किती शून्यं हे सांगतो. ४७१ ला चारशे एकाहत्तर समजून घेतलं तरी नशिबाने जवळपास बरोबर पडतं, पण १०२ ला एकशे दोन समजलं तर दहापट चूक होते.

एकदाच जाताय तर १००, २२०, ४७०, १००० पीएफचे दोन-दोन, ४७०० पीएफ ६३० व्होल्टचा एक, आणि ६८ के, २२० के, ४७० के अर्धा वॉटचे रेझिस्टर आणा.

७. पहिला बदल कोणता करू?

ब्राइट कपॅसिटर. व्हॉल्यूम किंवा गेन पॉटच्या वरच्या टोकापासून मधल्या टोकापर्यंत जोडलेला छोटा कपॅसिटर म्हणजे हा. वरच्या सुरांना तो पॉट टाळून जाण्याची वाट देतो. पॉट पूर्ण उघडा असेल तर टाळण्यासारखं काही उरत नाही आणि तो निष्क्रिय होतो. म्हणूनच अनेक अ‍ॅम्प ८ वर गोड आणि ३ वर टोचरे असतात. राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांना सांभाळून वाजवणाऱ्याला हा कपॅसिटर सर्वांत जास्त छळतो.

आकडा किती फरक करतो ते पाहा. १ मेगओहमचा ऑडिओ पॉट अर्ध्यावर असताना साधारण ९०० के वर आणि १०० के खाली असे भाग पडतात. १२० पीएफ असेल तर उचल सुमारे १.५ किलोहर्ट्झपासून सुरू होते. १००० पीएफ असेल तर १८० हर्ट्झपासूनच, आणि ४७०० पीएफ असेल तर ४० हर्ट्झच्या आसपास. म्हणजे मोठा कपॅसिटर फक्त चमक देत नाही, जवळजवळ अख्खी गिटार पॉट टाळून पुढे ढकलतो. मागे राहतो तो फक्त अगदी खालचा बास. फेंडर ट्विन रिव्हर्बमध्ये तो १२० पीएफचा आणि खटक्यावर आहे, डिलक्स रिव्हर्बच्या व्हायब्रेटो चॅनेलला ४७ पीएफचा कायमचा आहे. मार्शल २२०३ च्या गेनवर १००० पीएफ आहे.

करायचं असं: कपॅसिटरचा एकच पाय सुटा करून हवेत ठेवा, टोकाला स्लीव्ह घाला. वाजवून पाहा. बरं वाटलं पण आवाज झोपला, तर १०० किंवा १२० पीएफ लावा. मूळ १००० पीएफच ठेवायचा असेल तर त्याच्याशी एका रांगेत २२० के जोडा. वरच्या उदाहरणात जास्तीत जास्त उचल २० डेसिबलवरून सुमारे ११ डेसिबलवर येते. आम्हाला हा उपाय कपॅसिटर काढून टाकण्यापेक्षा आवडतो, कारण पॉट फिरवताना स्वभाव कमी बदलतो.

मार्शल पद्धतीच्या दोन चॅनेलच्या अ‍ॅम्पमध्ये ४७० के च्या मिक्सिंग रेझिस्टरवरही ४७० पीएफ बसवलेला असतो. तोही याच पद्धतीने एका पायाने सोडवून पाहा.

८. क्लीन छान आहे, पण गेनवर सर्र आवाज येतो. कपॅसिटर कुठे लावू?

ही सर्र बहुधा ५ किलोहर्ट्झच्या वर असते आणि डिस्टॉर्शन जिथे तयार होतं त्याच्या पुढे ती कापायची असते. आधी कापलं तर पुढचा टप्पा ती पुन्हा तयार करतो. त्यामुळे शेवटच्या गेन टप्प्याच्या १०० के प्लेट रेझिस्टरला (प्लेट म्हणजे ट्यूबचं आउटपुट टोक) समांतर छोटा कपॅसिटर लावा.

१२एएक्स७ (नेहमीची प्रीअॅम्प ट्यूब) ची आतली प्लेट रेझिस्टन्स सुमारे ६२ के. १०० के ला समांतर धरली की ३८ के येते. त्यावर २२० पीएफने कापणी १९ किलोहर्ट्झला, म्हणजे काहीच ऐकू न येण्यासारखी. ४७० पीएफने सुमारे ९ किलोहर्ट्झ, १००० पीएफने सुमारे ४ किलोहर्ट्झ. ४७० पासून सुरू करा. हे आकडे कॅथोडच्या रेझिस्टरला समांतर कपॅसिटर (बायपास) असलेल्या टप्प्याचे आहेत. बायपास नसेल आणि कॅथोडला १.५ के असेल तर टप्प्याची आउटपुट रेझिस्टन्स ६८ के च्या आसपास जाते, आणि त्याच १००० पीएफने कापणी २.३ किलोहर्ट्झवर येते. ऐकणाऱ्याला वाटतं की अ‍ॅम्पवर कोणी उशी ठेवली. त्यामुळे आधी कॅथोड पाहा, मग आकडा निवडा.

१२एएक्स७ च्या पिन १ आणि ६ या प्लेट, २ आणि ७ ग्रिड (सिग्नल आत येतो ते टोक), ३ आणि ८ कॅथोड. सॉकेटच्या खालच्या बाजूने, डाखाच्या बाजूने पाहताना पिन घड्याळाच्या दिशेने मोजायच्या. इथे मोजणी उलटी होण्याची चूक फार होते.

९. ग्रिड स्टॉपर म्हणजे काय? त्याने काय वेगळं होतं?

ट्यूबच्या ग्रिडपुढे एका रांगेत घातलेला रेझिस्टर. ट्यूबची स्वतःची मिलर कपॅसिटन्स साधारण १०० ते १५० पीएफ धरता येते, आणि हा रेझिस्टर तिच्याशी मिळून फिल्टर बनतो. १३० पीएफ धरलं तर ६८ के ने कापणी १८ किलोहर्ट्झला, २२० के ने साडेपाच, ४७० के ने अडीच. दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्याला २२० के हा बहुतेकांना मानवतो. पहिल्या ट्यूबचा ६८ के वाढवू नका, तिथे रेझिस्टर वाढला की खसखस वाढते.

रेझिस्टर सॉकेटच्या पिनला चिकटून बसवा. बोर्डावर बसवून पुढे चार इंच वायर सोडली, तर ती वायर अँटेनासारखी काम करते आणि अर्धा फायदा जातो.

८ आणि ९ दोन्ही एकदम करू नका. एक करून आठवडाभर वाजवा.

१०. कॅथोडचा ०.६८ मायक्रोफॅरड बायपास कपॅसिटर बदलला तर ट्रेबल कमी होईल का?

ट्रेबल कमी होणार नाही, खालचा भाग वाढेल. २.७ के वर ०.६८ असेल, तर तो टप्पा सुमारे ९० ते २३० हर्ट्झच्या वर पूर्ण गेन देतो आणि खाली कमी. त्याजागी २२ मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट घातला की खालचे सूर परत येतात आणि आवाज संतुलित वाटतो. धन टोक कॅथोडकडे. जास्त गेनच्या अ‍ॅम्पमध्ये मात्र हे करू नका, पाम म्यूट (तळहाताने तारा दाबून वाजवणं) चिखलासारखा होतो.

कपॅसिटर काढूनच टाकला तर? १.५ के च्या टप्प्याचा गेन जवळजवळ निम्मा, म्हणजे ६ डेसिबल कमी होतो, सगळ्या सुरांवर सारखा. कमी डिस्टॉर्शन म्हणजे कमी सर्र, इतकाच त्याचा अर्थ.

११. टोन स्टॅकमध्ये काय बदलता येतं?

ट्रेबलचा कपॅसिटर. फेंडर पद्धतीत तो २५० पीएफ असतो, मार्शल पद्धतीत ४७० ते ५००. २५० चा ३९० किंवा ४७० केला की ट्रेबल नॉबचा पट्टा खाली सरकतो: तो आता काचेसारख्या टोकाऐवजी वरच्या मिडला उचलतो. नॉब त्याच जागी ठेवलात तर आवाज वाढल्यासारखा वाटेल, म्हणून खाली आणा आणि मग तुलना करा. हा कपॅसिटर प्लेटवरून थेट जोडलेला असू शकतो, त्यामुळे ५०० व्होल्टपेक्षा कमीचा लावू नका.

१२. प्रेझेन्स शून्यावर आहे, तरी पॉवर अ‍ॅम्प कडक वाटतो.

प्रेझेन्स ट्रेबल वाढवत नाही. आउटपुटवरून मागे येणाऱ्या निगेटिव्ह फीडबॅकमधून वरचे सूर काढून घेतो. फीडबॅक जितका जास्त तितका पॉवर अ‍ॅम्प स्पीकरचे उंचवटे दाबतो. फीडबॅकचा रेझिस्टर १०० के असेल तर ६८ के, मग ४७ के करून पाहा. गेन थोडा कमी होईल आणि आवाज आवळल्यासारखा लागेल. जास्त कमी केला तर अ‍ॅम्प किंचाळू लागतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर बदलल्यानंतरच किंचाळणं सुरू झालं असेल, तर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या दोन प्लेट वायर उलट जोडल्या गेल्या आहेत.

१३. माझ्या अ‍ॅम्पला प्रेझेन्सच नाही. मग?

कट कंट्रोल लावा. व्हॉक्स एसी३० मध्ये तो मुळातच आहे, कारण त्या अ‍ॅम्पमध्ये निगेटिव्ह फीडबॅक नाही. २५० के चा पॉट आणि ४७०० पीएफ, ६३० व्होल्टचा कपॅसिटर एका रांगेत जोडून, फेज इन्व्हर्टरनंतरच्या (सिग्नलच्या दोन उलट प्रती करणाऱ्या टप्प्यानंतरच्या) दोन कपलिंग कपॅसिटरच्या (डीसी अडवून सिग्नल पुढे देणाऱ्या) पुढच्या टोकांमध्ये टाका. पॉट शून्याकडे नेला की दोन्ही बाजूंचे वरचे सूर एकमेकांना खोडतात. या यादीत कार्यक्रमाच्या मध्ये हात लावून बदलता येणारा हाच एक अंतर्गत उपाय आहे, आणि अ‍ॅम्प घरी व मंचावर दोन्हीकडे वापरणाऱ्याला आम्ही आधी हाच सुचवतो.

हे फक्त पुश-पुल (जोडीने चालणाऱ्या पॉवर ट्यूबच्या) अ‍ॅम्पला लागू. एकाच पॉवर ट्यूबच्या छोट्या अ‍ॅम्पमध्ये २२०० पीएफ आणि २५० के पॉट, पॉवर ट्यूबच्या ग्रिडकडून चेसिसकडे लावा. पॉट शून्यावर असताना कापणी साधारण २.२ किलोहर्ट्झला येते.

पॉटसाठी चेसिसला भोक पाडण्याआधी न वापरलेला जॅक आहे का बघा. पाडायचंच असेल तर उद्यमनगरातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे नुसती चेसिस न्या, सर्किटसकट नाही. लोखंडाचा एक कीस सॉकेटमध्ये अडकला की पुढे शॉर्ट होतो.

१४. महागडी प्रीअ‍ॅम्प ट्यूब घातली तर आवाज गोड होईल का?

कंपनी बदलून होणारा फरक थोडा असतो. खराब किंवा किणकिणणारी ट्यूब काढली तर मात्र मोठा. प्रकार बदलून होणारा फरक मोजता येतो. १२एएक्स७ चा गेन गुणांक १००, ५७५१ चा ७०, १२एटी७ चा ६०, १२एवाय७ चा ४४ च्या आसपास. पिन सारख्याच. गेन कमी झाला की पुढचे टप्पे कमी चिरडतात आणि सर्र कमी होते. पहिल्या सॉकेटमध्ये ५७५१ घालून पाहणं सोपं आहे आणि पूर्ण मागे घेता येतं.

१५. की सरळ स्पीकरच बदलू?

वरच्या सगळ्या कपॅसिटरपेक्षा स्पीकर जास्त बदल करतो. सेलेस्टियन व्हिंटेज ३० चा वरच्या मिडमध्ये स्पष्ट उंचवटा आहे; ग्रीनबॅक त्यामानाने मवाळ. पण स्पीकर खरंच नवा असेल तर आधी वीसेक तास दणकून वाजवा, कोनची कड सैल होऊ द्या. बदलताना ओहम जुळवा आणि वॉट पाहा: २५ वॉटचा एकच ग्रीनबॅक ५० वॉटच्या अ‍ॅम्पला टिकत नाही.

१६. सूर विरत जाताना खरखर येते. हाही ट्रेबलच का?

नाही. पॉवर ट्यूब फार थंड बायसवर (सिग्नल नसताना वाहणारा प्रवाह फार कमी) असतील तर दोन ट्यूब एकमेकींकडे सूर सोपवताना मध्ये खाच पडते. कान त्याला तिखटपणा समजतो. कोणताही ट्रेबल कपॅसिटर ही खरखर घालवत नाही, फक्त झाकतो.

फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये कॅथोड आणि चेसिसमध्ये १ ओहमचा रेझिस्टर असेल, तर तिथला १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. ईएल३४ ची मर्यादा २५ वॉट, ६एल६जीसी ची ३०. त्याच्या ७० टक्क्यांपर्यंतच जा. ईएल३४ वर ४५० व्होल्ट असेल तर २५ × ०.७ ÷ ४५० म्हणजे साधारण ३९ मिलिअँपिअर. मोजून १५ आले तर खरखरीचं कारण सापडलं. ही मोजणी अ‍ॅम्प चालू असताना होते. सवय नसेल तर व्हॉल्व्ह रेडिओच्या काळापासून हे काम करणाऱ्या मिस्त्रींकडे द्या.

१७. ट्रेबल ६ च्या पुढे नेला की आवाज दबतो आणि बारीक शीळ येते.

अ‍ॅम्प ऐकू न येणाऱ्या किंवा जेमतेम ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच डोलतो आहे. यावर ट्रेबल कापणं म्हणजे ताप उतरवून रोग ठेवणं. लाकडी काडीने, फक्त कोरड्या लाकडी काडीने, ग्रिड आणि प्लेटच्या वायर हळूच हलवा. आवाज बदलला तर त्या एकमेकींजवळ आहेत. त्यांना दूर करा, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा. पॉवर ट्यूबचे ग्रिड स्टॉपर जागेवर आहेत का बघा: ईएल३४ ला बहुधा ५.६ के, ६एल६ ला १.५ के. फेज इन्व्हर्टरच्या दोन प्लेटमधला ४७ पीएफ कोणी काढला असेल तर परत लावा. तो ट्रेबल कापण्यासाठी नाही, स्थिरतेसाठी असतो.

१८. उन्हाळ्यात ठीक होता, जुलैत टोचरा आणि खरखरीत झाला. पावसाचा संबंध असतो का?

असतो. कोल्हापूरच्या पावसात जुन्या अ‍ॅम्पची फायबरची पट्टी ओल धरते आणि थोडी वीज वाहू लागते. अ‍ॅम्प चालू असताना मल्टीमीटरचं काळं टोक चेसिसला क्लिपने लावा आणि लाल टोक उच्च व्होल्टेजच्या आयलेटशेजारच्या कोऱ्या पट्टीवर टेकवा. काही व्होल्ट दिसले तर पट्टी ओली आहे. अ‍ॅम्प बंद आणि रिकामा करून हेअर ड्रायरने कोमट हवेने वाळवा, जुना फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

गळका कपलिंग कपॅसिटरही असाच त्रास देतो. पुढच्या प्रीअ‍ॅम्प ट्यूबच्या ग्रिडवर डीसी शून्याच्या आसपास हवा. एक-दोन व्होल्ट धन दिसले तर कपॅसिटर बदला. मात्र कॅथोड फॉलोअरचा ग्रिड आधीच्या प्लेटला थेट जोडलेला असतो, तिथे मोठा व्होल्टेज असणंच बरोबर.

१९. रात्री व्होल्टेज वाढला की आवाज कडक होतो. भ्रम आहे का?

भ्रम नाही. ट्रान्सफॉर्मरचा सिलेक्टर २२० वर आणि भिंतीत २४५ असेल, तर ६.३ व्होल्टचा हीटर ७ वर जातो, म्हणजे १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर. प्लेट व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतो आणि अ‍ॅम्प जास्त ताठ वाजतो. सिलेक्टर २४० वर आणा. तशी सोय नसेल तर चांगला स्टॅबिलायझर वापरा. अमेरिकेतून आणलेल्या १२० व्होल्टच्या अ‍ॅम्पला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर अ‍ॅम्पच्या वॉटपेक्षा बराच मोठा घ्या. अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेला वापर पाहा, स्पीकरचे वॉट नव्हे.

२०. माझा अ‍ॅम्प पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डावर) आहे. हे सगळं चालेल का?

सर्किट तेच, हात जपून. पातळ तांब्याचा पट्टा जास्त उष्णतेने उचलला जातो. ब्राइट कपॅसिटर डाख वितळवून काढण्याऐवजी एक पाय बारीक कटरने मधोमध कापा. परत हवा झाला तर तेच दोन टोकं जोडता येतात. प्लेट कपॅसिटर रेझिस्टरच्या पायांवरच वरून लावा. सॉकेट थेट बोर्डावर असतील तर ग्रिड स्टॉपरच्या फंदात पडू नका, त्यापेक्षा प्रश्न ८ चा मार्ग सोपा. वॉरंटी असेपर्यंत २, ३, ४ आणि १४ पुरते.

२१. घरी गोड वाटतो, पण गणपतीच्या कार्यक्रमात गिटार ऐकूच येत नाही.

ढोल, कीबोर्ड आणि गायक असताना गिटारला जागा मिळते ती नेमकी २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये, जिथे घरी टोचत होतं. म्हणून त्या पट्ट्यात कायमची कापणी करू नका. ८ मधला १००० पीएफ काढून ४७० लावा, म्हणजे सर्र जाईल आणि धार राहील, आणि उरलेलं कट किंवा प्रेझेन्सच्या नॉबवर सोडा. ब्राइट कपॅसिटर छोट्या खटक्यावर घेता येतो; पॉटवर डीसी नसेल तर खटका दाबताना ठोकाही येत नाही.

२२. सगळे बदल एकत्र केले. आता गोधडीत गुंडाळल्यासारखा वाजतोय. कुठून मागे फिरू?

शेवटून. आधी ९ चा ग्रिड स्टॉपर परत ६८ के करा, कारण तो आणि प्लेट कपॅसिटर एकाच पट्ट्यात कापतात आणि दोघांचा उतार एकत्र झाला की धार उरत नाही. मग प्लेट कपॅसिटर ४७० पीएफ. मग ब्राइट कपॅसिटर १०० पीएफ. ११ आणि १३ बहुधा तसेच ठेवता येतात. प्रत्येक पायरीवर तीच गिटार, तीच केबल, तीच खोली आणि तोच व्हॉल्यूम. काढलेला प्रत्येक भाग छोट्या पाकिटात घालून वर जागा लिहा आणि चेसिसच्या आतल्या बाजूला तारखेसह चिठ्ठी चिकटवा: कुठला भाग, आधी किती, आता किती.